बाबांचा सूर्य आणि भाऊजींची डिकी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर आणि मान तूर्त रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्यांचा गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची तब्येत उत्तम असणार, कारण ती बिघडायला जेवढी हालचाल लागते तेवढी ते करत नाहीत. आई ठणठणीत आहे, असं ती स्वतः कण्हत कण्हत सांगते. तुझी भावजय उत्साहात आहे. ती उत्साहात असली की घरातले बाकीचे कामाला लागतात, हे तू जाणतेसच. माझ्या कंबरेचं कारणही तेच.

झालं असं, की माळ्यावरची सूटकेस काढायला मी स्टुलावर चढलो आणि सूटकेस ओढली, तर तिच्याआधी सजावटीचं खोकं खाली आलं. सरळ माझ्या डोक्यावर. नुकसानभरपाईच्या खात्यात इतकी वर्षं घालवल्यावर माणूस स्वतःच्या अपघाताकडेही परक्याच्या अर्जासारखाच बघतो. खोकं कुणी ठेवलं होतं? अर्जदारानं. फळीच्या कडेला कुणी ठेवलं होतं? अर्जदारानं. भरपाई नामंजूर. खोक्यात चमकीची फाटकी पुडी होती, ती मात्र मला सढळ हातानं मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी गोदाम जळालेले एक गृहस्थ कागदपत्रं घेऊन कचेरीत आले होते. मी गंभीरपणे विचारतोय, आग नेमकी कुठून लागली, आणि ते माझ्या भुवयांकडे बघतायत. शेवटी अदबीनं म्हणाले, "साहेब, घरी काही कार्यक्रम आहे का?" अजूनही उन्हात उभा राहिलो की मी लखलखतो.

तर या निमित्तानं तुझ्या भावजयीची नजर माळ्यावर गेली. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूवर कुठेतरी मुदत छापलेली असते अशी तिची श्रद्धा आहे. (माझ्याकडे ती कधीकधी ज्या नजरेनं बघते, त्यावरून माझ्यावरची तिला सापडली असावी.) सणाच्या सजावटीची एकूण नऊ खोकी निघाली. अर्ध्याच लागणाऱ्या दिव्यांच्या माळा. त्यांचे उरलेले अर्धे दिवे दुरुस्त करायला म्हणून आणलेल्या, आणि आता मुळीच न लागणाऱ्या माळा. प्लॅस्टिकचा एक वेल, ज्याची पानं गळतात. (प्लॅस्टिकला हे शिकवलं कुणी?) कापसाचे ढग, त्यांत झुरळांनी संसार थाटलेला. बाई म्हणाली, "वर्षातून एकदा लागतं, म्हणजे वर्षभर लागत नाही. आवरायचं." या हिशेबानं वाढदिवसही आवरता येतील, असं मी म्हणालो नाही. मी पुष्कळ गोष्टी म्हणत नाही. आपण कुणीच म्हणत नाही, आणि खरी भानगड तिथेच आहे.

पद्धत सोपी ठरली. ठेवायचं ते पलंगावर, टाकायचं ते गच्चीत, द्यायचं ते बैठकीत दाराशी. 'द्यायचं' घेऊन जायला भाऊजी येणारच होते. त्यांच्या वाटेवर ती निराधार मुलांची संस्था लागते, 'जाता जाता देऊन टाकतो' असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. 'जाता जाता' हा शब्दप्रयोग त्यांच्या तोंडून ऐकताना मला नेहमी आपला कुकर आठवतो. तो त्यांनी जाता जाता दुरुस्तीला टाकण्यासाठी नेला, त्याला किती वर्षं झाली हे आता फक्त कुकरलाच ठाऊक.

ताई, तुला आपल्या घराची रीत सांगायला नको. आपल्यात कुणी काही मागत नाही. ताटलीतला शेवटचा तुकडा चौघंजण एकमेकांना 'तू घे, तू घे' करतात आणि शेवटी तो वाळून जातो. गाडीत खिडकीजवळची जागा आपण एकमेकांना इतका वेळ देत बसायचो, की तिथे तिसराच कुणी येऊन बसायचा आणि आपण त्यालाही 'आरामात बसा' म्हणायचो. आपल्याला एखादी वस्तू मनापासून हवी असली, की आपण ती दुसऱ्याला देऊ करतो आणि समोरच्यानं 'छे, छे, तुलाच राहू दे' म्हणायची वाट बघतो. तुझ्या भावजयीच्या माहेरी ही पद्धत नव्हती. पण माणूस संगतीनं बिघडतं. आता ती आपल्याहून पटाईत झाली आहे.

मला वाटतं तुझ्या लक्षात आलंच असेल. पहिल्यांदा आईनं तो एका पंखाचा काचेचा पक्षी उचलला, पदरानं पुसला आणि दाराशी 'द्यायच्या' ढिगावर नेऊन ठेवला. ठेवून क्षणभर तिथेच उभी राहिली. आम्ही दोघं काही बोललो नाही. (तिलाच नकोसा झाला असेल तर आपण कशाला?) मग बायकोनं लग्नानंतरच्या पहिल्या सणाला केलेली कागदी साखळी काढली, हातावर गुंडाळली आणि पक्ष्याशेजारी ठेवली. "रंग उडालाय," असं खोलीला उद्देशून म्हणाली. खोलीनं उत्तर दिलं नाही. आणि मग मी बाबांचा सूर्य आणला.

तो तुला आठवतोच. प्लायवूडचा, ताटाएवढा, भोवती पत्र्याचे किरण, मधे तोंड. बाबांनी रंगवताना तोंड हसरं करायला घेतलं आणि झालं ते थेट थोरल्या मामांसारखं, पोट बिघडलेल्या दिवशीचं. मागे जुन्या टेबलफॅनची मोटर. दरवर्षी पहिल्या संध्याकाळी बाबा बटण दाबायचे, सूर्य घरघरत पाव फेरी घ्यायचा आणि घराचा फ्यूज उडायचा. एकदाही चुकला नाही. मग अंधारात बाबांची आरोळी, "कुणी हलू नका!" आणि लगेच, "टॉर्च कुठाय?" टॉर्चचे सेल रेडिओत असायचे. बाबा खिशातल्या काड्या ओढत फ्यूजची तार बदलत बसायचे, आणि आपण बाकीचे जिथे असू तिथेच बसून राहायचो.

त्या अंधारात मात्र आपल्या घराला कंठ फुटायचा, हे तुला कधी जाणवलं होतं का? मी सायकल मागितली ती अंधारात. आईनं बाबांना 'मला एकदा माझ्या बहिणीकडे एकटीला जायचंय' म्हटलं ते अंधारात. तू आपलं लग्न ठरवलंय हेही तिथेच सांगितलंस, कारण उजेडात सांगण्यासारखे भाऊजी त्या वेळीही नव्हते. आणि बाबा फ्यूजच्या डबीत तोंड घालून प्रत्येकाला 'बघू' म्हणायचे. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'हो' असायचा. ते गेल्यावर डबीशी मी उभा राहू लागलो. मलाही तार जोडायला फार वेळ लागतो. मुद्दाम लागतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

असा तो सूर्य मी दाराशी नेऊन ठेवला. माझी अपेक्षा अगदी माफक होती. आई ओरडेल, "अरे, ह्यांचा आहे तो!" मग मी कपाळाला आठ्या घालून म्हणेन, "बरं, राहू दे, तू म्हणतेस म्हणून," आणि पलंगावर ठेवीन. आई बोलली नाही. (नंतर कळलं, तिला वाटलं मला फ्यूज बदलायचा कंटाळा आला असेल, तर म्हाताऱ्या बाईनं मधे का पडावं.) बायको बोलली नाही. (सासऱ्यांची वस्तू, मुलगा देतोय, आपण परक्या.) आम्ही तिघं अत्यंत समजूतदारपणे उभे राहिलो. तेवढ्यात भाऊजी आले, "एवढंच ना?" म्हणाले, आणि पक्षी, साखळी, सूर्य सगळं डिकीत कोंबून, चहा घेऊन, माझी छत्रीही घेऊन गेले. मामांचं तोंड डिकीतून माझ्याकडे बघत होतं. त्यांना पूर्वीपासूनच माझ्याकडून फारशी आशा नव्हती.

आता घर अगदी मोकळं आहे. माळ्यावर आवाज दिला तर घुमतो. बायकोनं रिमोटवर चालणारी नवी माळ आणली आहे. परवा संध्याकाळी लावून बघितली. सगळे दिवे लागले. फ्यूज जागच्या जागी. आम्ही तिघं लख्ख उजेडात बसलो होतो आणि एकमेकांचे चेहरे इतके स्पष्ट दिसत होते की कुठे बघावं कळेना. आई म्हणाली, "लागले वाटतं." बायको म्हणाली, "हो." मी म्हणालो, "छान." मग आम्ही जेवून घेतलं. त्याआधी आई भिंतीवरच्या, सूर्य लागायचा त्या रिकाम्या खिळ्याला पंचा अडकवून आली होती. बायकोनं तो काढून घडी करून ठेवला.

एकूण मोहीम यशस्वी झाली म्हणायची. मला त्याचं सुखदुःख काही नाही. वस्तू म्हणजे काय, येतात आणि जातात. तूही तुझा माळा आवरून टाक. हलकं वाटतं म्हणतात.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा
(लखलखता) भाऊ

ता. क. सहज आठवलं. भाऊजींच्या गाडीची डिकी उघडून बघशील का? मी त्यांच्याबद्दल आजवर जे काही बोललो असेन ते मागे घेतो. त्यांच्या आळसावर माझी संपूर्ण भिस्त आहे. कुकर अजून तिथे असेल तर आशेला जागा आहे. संस्थेत मात्र विचारू नकोस. मुलांना सूर्य आवडला असेल तर परत मागणं बरं दिसत नाही. (आवडणार नाही. तोंड बघितलंयस ना?)

ता. क. २. सूर्य मिळालाच, तर मी मागितला असं कृपा करून म्हणू नकोस. 'आमच्याकडे जागा नाही, तुम्हीच ठेवा' असं काहीतरी खरमरीत लिहून परत पाठव. मी जरा कुरकूर करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस. पाकीट चिकटवायला आईकडे देतोय, डिंक तिच्याच कपाटात असतो.

बाळ, तुझा भाऊ काय लिहितो ते मी वाचत नाही, कोपऱ्यात जागा दिसली म्हणून दोन ओळी. मला काही नको. पण तो सूर्य तुमच्याकडे अडचण करत असेल तर इकडे पाठव, इथे एक खिळा रिकामा आहे. ह्याला सांगू नकोस, त्याला फ्यूजचा त्रास होतो. पक्षी असला तर असो. – आई

ताई, पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे आलं, अजून न चिकटवलेलंच. वर कुणी काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. नवी माळ मी दुकानात परत केली, मुदत संपायच्या आत घेतात. साखळीचं काही नाही, ती कागदाची आहे. पण मोटर कुणाला दुरुस्त करू देऊ नका. आहे तशीच पाठवा. टॉर्चचे सेल मी रेडिओत घालून ठेवलेत.