पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी

आरमोरी, ता. ४ ऑक्टोबर १९५४

चि. सौ. भागीरथा हिस गुणवंतभाऊचे अनेक आशीर्वाद.

आज पहाटे उगाच आठवलं. आईचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड विहिरीच्या पायरीला टेकला की ठण्ण वाजायचा, अन् तू अंथरुणातूनच मलेबी ने म्हणून ओरडायचीस. मी खालच्या पायरीवरून शाळेतली कविता म्हणायचो, विहीर ती परत म्हणायची. आताही म्हणते, पण ऐकायला तू नाहीस. किती भाऊबिजा अशाच गेल्या! यंदा ये, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा पाहूनच जा.

वाट पाहणारा,
गुणवंतभाऊ

चांदा, ता. ११ ऑक्टोबर १९५४

ती. गुणवंतभाऊंस भागीरथाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग हसले. विहीर कविता म्हणते, पण नारूही तीच देते, हे तुमच्या कवितेत कुठी आलं नाई! मागं माहेरचं पाणी पिऊन आले अन् वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा नारूचा किडा निघाला. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत होते. यंदा सून सोबत येतो म्हणते, ती पोटुशी आहे. तिला ते पाणी कसं पाजू?

आमचा लेक मुखरू इथी नळघरात कामाला आहे. नदीच्या पाण्यातला गाळ तुरटीनं खाली बसवतात, वाळूतून गाळतात, मग औषध टाकतात. नारूचे किडे वाळूतच अडकतात म्हणतो. तुम्हीही घरी गाळा. पण आपले चुलतभाऊ लटारूभाऊ नारूचा पाय गार करायला विहिरीत बुडवतात, तोवर त्या पायातून पाण्यात रोज नवे किडे. त्यांना आवरा, मग बोलवा.

लोभ आहेच, तो गाळू नये.
भागीरथा

आरमोरी, ता. २० ऑक्टोबर १९५४

चि. सौ. भागीरथा हिस आशीर्वाद.

तुरटी फिरवली, मडक्यात वाळू-कोळसा भरला, त्याच्या तोंडाला दुपदरी धोतर बांधलं. शेजारची शकुबाई म्हणते, मास्तरनं पाण्याची शाळा भरवली. चव मात्र आईच्या गुंडातली नाही.

लटारूभाऊंपुढं किड्यांवर मोठं व्याख्यान दिलं. ते भडकले. विहीर आपल्या आजानं खोदली, माह्या पायानं बाटते काऊन? पाय पेटला की तुही कविता चोळू का त्याले? मान खाली घालून परत आलो. म्हणून जड हातानं लिहितो, बाई, यंदा येऊ नकोस. सुनेला जप.

थांब, दारात कोणी खाकरलं.

लटारूभाऊ आहेत! पायाला फडकं, काखेत रिकामं घमेलं. शकुबाईकडून सुनेचं कळलं म्हणतात. उलट मलाच रागावतात, की तासभर किडे सांगत बसला, पोरीचं काऊन नाई सांगितलं? आता यात पाणी भर, पाय इथीच बुडवतो, अन् भागीले लिही, सुनेले घेऊन ये म्हणा.