नकाशात नसलेलं गेट

३ सप्टें., बुध.
आज फुटपाथचे सिमेंटचे गट्टू बसवत बसवत माणसं आमच्या बांधापर्यंत आली. पुढच्या बंगल्यांच्या लेआउटचा सिमेंटचा रस्ता सरळ येतो आणि आमच्या झेंडूसमोर थांबतो. तिथं आडवा फुटपाथ, त्याला वीतभर उंच दगडी काठ. फुटपाथ आणि बांध यांच्यामध्ये फूटभर पट्टी मोकळी. इंजिनिअर पोराला विचारलं, ही कशाला सोडली?
"काकू, ती लेआउटवाल्या शेठची. तिच्यावर भिंत येणार."
भिंत आली की आम्ही आत. मागे नाला, दोन्ही बाजूंना लोकांची शेतं. ट्रॅक्टर तर आजच अडकला, काठावरून उतरत नाही. ह्यांना सांगितलं. म्हणाले, बघू. तीस वर्षं बघतायत.

५ सप्टें., शुक्र.
इंजिनिअरला पुन्हा धरलं. म्हटलं, प्रत्येक बंगल्याच्या गेटसमोर काठ खाली घेऊन गाडीला उतार दिलाय, तसा एक आम्हाला द्या. त्याने नकाशा उघडला. "उतार गेटसमोरच देतात. तुमचं गेट नकाशात नाही. आणि फुटपाथ सलग नसला तर आमचं लेआउट फायनल होत नाही."
या फुटपाथवर चालणार कोण, ते विचारायचं राहिलं. सगळे बंगले गाडीवाल्यांचे. संध्याकाळी एक कुत्रं तेवढं फिरतं.

८ सप्टें., सोम.
ह्यांनी कमाल केली. भंगारातून लोखंडी गेट आणलं, बांधावर दोन खांब रोवून उभं केलं, हिरवा रंग दिला. कुंपण नाही, भिंत नाही, नुसतं गेट. आता गेट झालं, द्या उतार! इंजिनिअरने हसू दाबलं. "काका, आधी नकाशा, मग गेट."
हे जेवले नाहीत. मलाही हसू आलं होतं. वाईट वाटतंय आता.

१४ सप्टें., रवि.
दिवसभर डोक्यात वाटणीच. नाना म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. आमच्याकडच्या रीतीने थोरल्याने वाटे पाडले, धाकट्याने आधी उचलला. ह्यांनी मागचा उचलला, कारण विहीर मागे. तेव्हा पाणी हेच सगळं. रस्त्याची काळजी कुणाला? नानांच्या वाट्यातून गाडीवाट होतीच. मी म्हटलं होतं, लिहून घ्या. दोघेही भाऊ माझ्यावर हसले. भावाभावांत वाट कुणी लिहितं का!
नानांनी आपला वाटा शेठला दिला, बदल्यात लेआउटमधला शेवटचा बंगला घेतला. वाट सिमेंटखाली गेली. विहीर मात्र काठोकाठ भरलीय. बसा आता पाणी बघत.

१९ सप्टें., शुक्र.
तहसीलला अर्ज दिला होता, जुनी वाट अडवली म्हणून. उत्तर आलं. सर्कलसाहेब, म्हणजे मंडळ अधिकारी, ६ ऑक्टो.ला पाहणीला येणार. कारकून म्हणाला, वाट माहीत असलेलं माणूस उभं करा. असं माणूस एकच, नाना. जमीन त्यांचीच होती.
हे विचारायला गेले. नाना म्हणाले, "अरे, जमिनीवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाय, वाटंचा बी नाय, असं शेठला लिहून दिलंय म्या. बंगला अजून माझ्या नावावर झाला नाय. बोललो तर या वयात कुठं जाऊ?"
हे परत आले. नाना खोटं बोलत नाहीत, तीच पंचाईत. त्यांचंही खरंच आहे म्हणून मला जास्त राग येतो.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना.
घट बसवले. झेंडू असा फुललाय की बघत राहावं. मन मात्र लागत नाही. परवापासून स्वप्नात नुसत्या भिंती.
नाना रोज संध्याकाळी फुटपाथवर येऊन उभे राहतात. शेताकडे बघतात, जातात. फुटपाथवर चालणारं माणूस सापडलं म्हणायचं.

३० सप्टें., मंगळ.
तोडणी. टेम्पो रस्त्याच्या टोकाला उभा, क्रेट डोक्यावरून काठापलीकडे. कंबरडं मोडलं. चिखलाचे पाय नव्या गट्टूंवर उमटले तशा जाऊबाई बादली घेऊन आल्या. "अगं सुमन, सगळे बंगलेवाले मला बोलत्यात." स्वतःच धुऊन काढलं. मग एका क्रेटची बाजू धरली.
नाना गॅलरीतून ओरडले, "वलं फूल भरू नका, काळं पडंल." भरत होतो ते ओलंच होतं. मी वर पाहिलं नाही. पण पसरून वाळवलं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
दरवर्षी ह्यांचं पहिलं सोनं नानांना. यंदा म्हटलं, जाऊ नका. गेले. बांधावरून सगळं दिसत होतं. हे पाया पडले. नानांनी आपट्याची पानं मुठीत धरली ती सोडलीच नाहीत. परत आल्यावर विचारलं, काय बोलले? "पावसाचं."

५ ऑक्टो., रवि.
सिमेंटचे ब्लॉक येऊन पडले. इंजिनिअर नजर चुकवत म्हणाला, "काकू, भिंत उद्या सकाळीच. वरून सांगितलंय." सर्कलसाहेब उद्या अकरा वाजता, भिंत त्याआधी! तारीख शेठला कुणी सांगितली? विचारून काय करू. भिंत उभी राहिली की साहेब भिंत बघतील आणि जातील. आम्ही पलीकडून ओरडत बसायचं.
हे विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलेत. हाक मारली तरी उठत नाहीत.

६ ऑक्टो., सोम. सकाळी.
गवंडी लवकर आले. पट्टीवर दोरी ताणली, आमच्या गेटला घासून. पहिला ब्लॉक ठेवणार तेवढ्यात नाना बंगल्यातून आले. आमचा रिकामा क्रेट उचलला, गेटसमोर पट्टीवर पालथा घातला आणि त्यावर बसले. तोंड शेताकडे.
गवंडी म्हणाला, "बाबा, जरा सरका."
"बसलोय."
इंजिनिअर फोनवर फोन करतोय. जाऊबाई दारात, पदर तोंडाशी. हे विहिरीपाशी उभे, जवळ जायची हिंमत नाही त्यांची. मीच चहा नेला. गेट उघडलं. उभं केल्यापासून पहिल्यांदाच उघडलं.
नाना साहेबांना काय सांगणार ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. खरं सांगितलं तर त्यांचा बंगला जाईल, नाही सांगितलं तर आमचं रान. नानांनी चहा बशीत ओतून घेतला.
कप परत देताना म्हणाले, "गेटाला त्याल घाल. लय करकरतंय."
तेल घातलं. साडेनऊ झालेत. नाना अजून बसलेत.