गाडी नसताना प्रशस्त

तीर्थस्वरूप सासूबाईंना जावयाचा लवून नमस्कार. तुमचे गुडघे, बाबांचा खोकला आणि आमच्या छकुलीची पोटदुखी या तिन्हींनाही उतार पडला असेल अशी आशा आहे. (पोटदुखी बापाकडून आली असं आपण म्हणालात म्हणे. असेल.) ‘आधी डोक्यावर छप्पर दाखवा, मग बायको-लेकीला न्या’ हा आपला हुकूम शिरसावंद्य मानून मी हे महागडं गाव पालथं घातलं. कळवायला आनंद होतो की छप्पर मिळालं.

खोली प्रशस्त आहे. (गाडी बाहेर असताना.) त्याचं असं आहे, इथली भाडी ऐकून माझ्यासारख्या मास्तराला घेरीच यावी. शेवटी एका विद्यार्थ्याच्या आजोबांना दया आली आणि त्यांनी मला आपलं गॅरेज दिलं. अट एकच, संध्याकाळी गाडी आत येणार. ती जुनी रहिवासी, तिचा मान पहिला. ती आली की मी गादी गुंडाळून भिंतीकडे सरकतो, आणि कूस बदलायची तर आधी तिचा आरसा मिटावा लागतो. छकुलीला मागच्या सीटवर निजवायला आजोबांची हरकत नाही, फक्त खाली प्लास्टिक घालायचं. शटरचा रिमोट मात्र त्यांच्याच खिशात असतो. परवा सकाळी मी टॉवेल गुंडाळून दाढी करत होतो, तेवढ्यात शटर सर्रकन वर गेलं. समोर शाळेच्या बसची वाट पाहत अख्खी सातवी उभी, आयांसकट! सगळ्यांनी एका सुरात ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हटलं. शिस्त मीच लावलेली, बोलतो काय?

तरी गाव माणुसकीचं आहे हो. स्वस्त घरांसाठी परवा सभा झाली. मास्तर, नर्स, बसड्रायव्हर यांना गावातच घरं हवीत, यावर एकमत झालं. टाळ्या झाल्या. मग कुठे बांधायची, असं कुणीतरी विचारलं आणि घात झाला. तळ्याकाठी नको, बदकं बिचकतील. मैदानाजवळ नको, सावली पडेल. आमच्या आजोबांनी तर मास्तरांच्या हालांवर असं भाषण केलं की माझेच डोळे पाणावले, आणि शेवटी म्हणाले, आमच्या गल्लीत मात्र नको, पार्किंगची आधीच मारामार आहे. मी बोलायला उठलो, तर ‘सर, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं’ म्हणून मला प्रेमाने खाली बसवलं. अखेर ‘स्वस्त’ म्हणजे किती, याचा अभ्यास करायला समिती नेमून सभा संपली.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवावा लागणार आहे.

आपला जावई

ता. क. गाडीचा मजकूर हिला वाचून दाखवू नये. फक्त ‘प्रशस्त’ एवढंच सांगावं.

ता. क. आजोबांनी काल दुसरी गाडी घेतली. मला रविवारपर्यंत मुदत आहे. आपली मागची खोली रिकामी आहे का? जीव गेला तरी घरजावई होणार नाही, असं मी लग्नात चारचौघांत बोललो होतो. जीव शाबूत आहे, शब्द मागे घेतो. शाळेसाठी पहाटेची बस धरीन.

ता. क. खोली गेल्याचं हिला सांगू नका. लेकीवाचून करमेना म्हणून आला, असं सांगा. ते खरंच आहे. मागच्या खेपेला मी उचलून घेतलं, तर कुणी परका असल्यासारखी ती तुमच्याकडे हात करून रडली.