तुंबपाड्याचा शेरा

डहाणू, ३ नोव्हेंबर १९६१

चि. अच्युत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि टाइप केलेली पानं मिळाली. आदिवासींना शाळा, दवाखाना, नीट मजुरी मिळते का, असं जिनिव्याच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं आपल्या सरकारला विचारावं आणि त्याचं उत्तर माझ्या भाच्यानं दिल्लीत बसून लिहावं, याचं कौतुक मी अर्धा दिवस केलं. मग वाचायला घेतलं. भाषा तपासून दे, असं तू म्हणतोस. भाषा उत्तम आहे. मजकूर खोटा आहे.

तिसऱ्या पानावर तू लिहिलंस, की तलासरीजवळच्या तुंबपाड्यावर पक्क्या इमारतीत शाळा चालते. आमच्या शेजारच्या चिकूवाडीत मजुरीला येऊन राहिलेली जमना त्याच पाड्यावरची. तिची मुलगी काळी नऊ वर्षांची आहे आणि माझ्या ओट्यावरचं वर्तमानपत्र उलटं धरून वाचते. पाड्याला शाळा द्या, असा अर्ज मीच जमनाला लिहून दिला होता. उत्तर आलं, की शाळा असलेल्या पाड्याला दुसरी मिळत नाही. तेव्हा जमना मला म्हणाली, की बाई, पहिली कुठं ठेवलीय तेवढं तरी त्यांना विचारा.

हे कोणत्या गाढवाच्या आधारानं लिहिलंस ते नावानिशी कळव. मी त्याला भेटून येईन.

लोभ आहेच. वाढवावा असं तू अजून काही केलेलं नाहीस.

तुझी मनूआत्या

*

नवी दिल्ली, ११ नोव्हेंबर १९६१

ती. मनूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. अहवाल महिनाअखेर जायचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला फायलीत आधार लागतो. तुंबपाड्याचा आधार म्हणजे शाळेच्या शेरेबुकाची नक्कल, तारीख १९ जुलै १९५२. शेरा असा आहे: इमारत पक्की. मुले चुणचुणीत. तेराचा पाढा अस्खलित. शाळा समाधानकारक.

खाली शाळा तपासनिसांची सही आहे. आत्या, ती सही तुझी आहे.

त्यानंतर तिथं कोणी तपासणीला गेल्याची नोंद नाही. तुझा शेरा म्हटल्यावर पुन्हा पाहायची गरज कोणाला वाटली नसावी. आमच्या साहेबांचं म्हणणं, की इतका स्वच्छ कागद साऱ्या फायलीत दुसरा नाही.

राग माझ्यावर काढ, पण रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नकोस. मुलं तुझी आठवण काढतात, हे आज मुद्दाम लिहितो.

तुझा अच्युत

*

डहाणू, २० नोव्हेंबर १९६१

चि. अच्युत यास,
अनेक आशीर्वाद.

गाढव भेटलं. आरशातच होतं.

तो जुलै मला आठवला. नदीला पूर होता, म्हणून मी अलीकडच्या काठावरच्या डाकबंगल्यात बसून राहिले आणि गुरुजींना निरोप धाडला. ते मेणकापडात गुंडाळलेलं शेरेबुक आणि चार मुलं घेऊन आले. मुलांनी तेराचा पाढा घडाघडा म्हटला. चौघांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, कोरडे. जी नदी मला ओलांडवेना, ती या पोरांनी कोरड्या बुटांनी कशी ओलांडली, हे मला सुचलं नाही. समोर गरम चहा होता. गुरुजींच्या घरचीच पोरं असणार ती, अलीकडच्या काठावरची. आणि मी आयुष्यभर मास्तरांना हजेरीच्या एकेका खाडाखोडीवरून फैलावर घेतलं.

परवा जमना आणि काळीबरोबर एस.टी.नं गेले. नदीला आता घोटाभर पाणी आहे. काळीनं माझा हात धरला होता. इमारत खरोखर पक्की निघाली. आत छपरापर्यंत ठेकेदाराच्या गवताच्या गासड्या. राखणदार लडक्या सांगत होता, की त्याला कळतंय तेव्हापासून हे गवताचंच घर. फळाही आहे. गवत भिजू नये म्हणून खिडकीला ठोकलाय.

सोबत नवा शेरा जोडला आहे: १९५२ साली मी ही शाळा न पाहता समाधानकारक ठरवली. तो शेरा रद्द. इमारत पक्की. आत गवत. शाळा नाही. साक्षीला जमनाचा अंगठा आहे. हा कागद त्या स्वच्छ कागदाच्या वर लाव.

कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, की कबुली गुडघ्यांवर बसून द्यावी. माझे गुडघे धरलेत, म्हणून रजिस्टर टपालानं देते आहे.

तुझी मनूआत्या

*

नवी दिल्ली, २ डिसेंबर १९६१

ती. मनूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्त माणसाला स्वतःचा शेरा रद्द करता येतो का, यावर इथं तीन दिवस खल चालला. नियम सापडला नाही. मी साहेबांना म्हटलं, की त्या स्वतः दिल्लीला येऊन समजावतील. त्यावर त्यांनी तिसरं पान बदलू दिलं. तुंबपाडा, शाळा नाही, असंच आता जिनिव्याला गेलं आहे. त्या पानाची नक्कल सोबत आहे.

जूनमध्ये तिकडच्या परिषदेला जाणाऱ्यांच्या यादीतून मात्र माझं नाव गळलं. तेव्हा तिकडच्या थंडीसाठी तू विणायला घेतलेला मफलर आता विणू नकोस. तिकडचे लोक अहवाल वाचून उलट प्रश्न पाठवतील, त्याला दोनेक वर्षं लागतात, असं इथले जुने लोक सांगतात.

तुझे आशीर्वाद पाठीशी असू देत. सध्या पाठीशी दुसरं कोणी नाही.

तुझा अच्युत

*

डहाणू, २४ डिसेंबर १९६१

चि. अच्युत यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी काळी अकरा वर्षांची होईल. तोवर मी थांबणार नाही. दर गुरुवारी जाते आणि त्या इमारतीच्या पायरीवर बसून पोरांना अक्षरं गिरवायला लावते. सध्या अकरा आहेत. बूट एकाच्याही पायात नाहीत.

ठेकेदार आला होता. कोणाच्या हुकमानं बसलात, असं विचारत होता. मी सांगितलं, की या खोलीबद्दल जिनिव्याला लिहून गेलंय आणि तिथून विचारणा व्हायची आहे. यात खोटं काही नाही. जिनिवा कुठं आलं ते त्यानं विचारलं नाही, पण पुढच्या गुरुवारी अर्धी खोली रिकामी होती. फळा काळीनं खिडकीवरून स्वतः उपटला.

जमनाचा अर्ज मी पुन्हा केला आहे, तुझ्या तिसऱ्या पानाची नक्कल जोडून. आता नाही कसं म्हणतात ते बघते.

तुझ्या साहेबांना माझं एक काम सांग. जिनिव्याच्या प्रश्नपत्रिकेत एक रकाना वाढवायला कळवा: लिहिणाऱ्यानं नदी ओलांडली होती का.

लोभ वाढला आहे. मफलर विणून झाला, पार्सलानं पाठवते. थंडी दिल्लीतही असते.

तुझी मनूआत्या