आईची परवानगी

ता. ३ मार्च
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस म्हणून विहारात आलो, त्याला तीन महिने झाले. चष्म्याच्या दुकानात मालकांनी माझ्या जागी माणूसही ठेवला असेल. आई, मला भिक्खू व्हायचंय. भंते, म्हणजे इथले गुरुजी, सांगतात की दुःख आहे, त्याला कारण आहे, ते हव्यासातून येतं, ते थांबतं आणि थांबवण्याची वाटही आहे. नीट बघणं, नीट बोलणं, नीट पोट भरणं, अशी आठ अंगांची. ऐकताना पटतं, पण डोळे मिटले की पाय वळवळतात. एकदा दीक्षा झाली की थांबतील.

पण आईवडिलांच्या परवानगीशिवाय दीक्षा मिळत नाही. बाबा गेले, आता तूच. दोन ओळी लिहून दे. लोभ असावा.
तुझा भुंगा

ता. ११ मार्च
चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि शिवताना गिऱ्हाइकाच्या झंपराची बाही उलटी जोडून बसले. हव्यास सोडायला निघालास, मग दीक्षेची एवढी घाई कशाला रे? मी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलं. बुद्ध स्वतः कुणाला न सांगता घर सोडून गेले. पुढे त्यांनी मुलालाही दीक्षा दिली, तेव्हा आजोबांचा जीव तुटला आणि म्हणून हा नियम झाला. त्या म्हाताऱ्याचे माझ्यावर उपकार आहेत.

खूप राग आला. मग वाटलं, सगळं बदलतं, काहीच धरून ठेवता येत नाही, असं पुस्तक म्हणतं, आणि मी तुला मुठीत धरून बसलेय. सोबत सही केलेला कागद आहे. माझी परवानगी आहे. मला रडू येतंय, तेही कळू दे. तब्येतीला जप.
तुझी आई

ता. १८ मार्च
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. खरं सांगू? तू नाहीच म्हणशील, या भरवशावर मी विचारलं होतं. मग आयुष्यभर म्हणायला मोकळा, की आईने अडवलं. भंतेंसमोर हे कबूल केलं. वाटलं, हाकलतील. ते म्हणाले, आता कुठे नीट बोललास.

मग तुझ्याशीही नीट बोलतो. बाबांच्या शेवटच्या दिवशी दुकानात काम नव्हतं. तरी मी मुद्दाम तिथेच थांबलो, मला ते बघवणार नव्हतं. तू एकटी होतीस. म्हातारपण, आजार, मरण यांवर इथे रोज प्रवचन ऐकतो, आणि घरी ते खाटेवर होतं तेव्हा मी पळालो. तेव्हापासून पळतोच आहे.

परवानगीचा कागद भंतेंना दिलेला नाही. गुरुवारी येतो. रागवायचं तेवढं रागव, मी जागचा हलणार नाही. त्यानंतरही इथे यावंसं वाटलं, तर तुला पुन्हा विचारीन. त्या वेळी खरंच विचारीन.

लोभ आहेच, तो वाढवायला कुठल्या तोंडाने सांगू?
तुझा भुंगा