'अहो'चं 'अरे' झालं

तीर्थस्वरूप ताई,

तुला साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण माझ्या नव्या खोलीत पुऱ्या लांबीचा माणूस आडवा झाला की पाय दाराबाहेर जातात आणि समोरच्या शिंप्याला वाटतं कुणीतरी गेलं. तेव्हा खुर्चीत बसूनच हात जोडतो. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? (त्यांना सांग, बाटलीवर लिहिलंय तेवढंच औषध घ्यायचं, चव आवडली म्हणून जास्त नाही.) मी ठणठणीत आहे. वजन चार किलोनं उतरलंय. लोक अभिनंदन करतात आणि कारण कळलं की ओशाळून निघून जातात.

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तुझ्यापर्यंत ते तुकड्यातुकड्यांनी आलं असणार. सिनेमात असे प्रसंग कसे असतात तुला ठाऊक आहे. बशी फुटते, पडदा उडतो, कुणीतरी खिडकीकडे तोंड करून उभं राहतं. आमच्याकडे तुझी भावजय पलंगावर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती आणि मी शेजारी बसून, टाचेकडून घडी घातली तर मोजा सैल पडत नाही, हे तिला समजावत होतो. तिनं हातातला मोजा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला आता वेगळं राहायचंय." मी म्हटलं, "मोजे वेगळे ठेवायचेत का?" (हसू नकोस. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला त्या क्षणी एवढंच सुचलं.) मग ती जे बोलली ते मला पाठ झालंय. म्हणाली, "दिवसभर मी एक्स-रेच्या खोलीत लोकांना सांगते, हलू नका, श्वास रोखा. आणि घरी आले की मीच श्वास रोखून बसते. तुम्ही वाईट नाही हो. तुम्ही फक्त सारखं सांगत असता." मी तिला सांगणार होतो की असं काही नसतं. तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की हेही सांगणंच झालं. तसंच मिटलं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय, ताई. माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि समोरचा चुकायच्या आत तो दाबायची मला सवय आहे. ही सवय मी गाडीतच सोडून घरात येत नव्हतो, हे कळायला मला तो मोजा लागला. पुढचा आठवडाभर मी दुसरं काही कारण सापडतंय का ते शोधलं. तिच्यात, दवाखान्यात, शेजारात. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू?

भांडण झालं नाही. वकीलबाई तर जरा हिरमुसल्याच. त्यांनी सामानाची यादी करायला सांगितली, आम्ही शहाण्या मुलांसारखी केली. घर तिच्याकडे, मी खोली बघायची, कपाट मला, फ्रीज तिला, कुंड्या जिथल्या तिथे. मग राहिली आमची चिमणी (चोवीस वर्षांची झाली, परगावी नोकरी करते, पण नाव तेच). तिला फोनवर सांगायचं ठरलं. मी कागदावर मुद्दे काढले होते. तिसऱ्या मुद्द्याला ती म्हणाली, "बाबा, मुद्दे नकोत. मी सुट्टीत घरी येते ना, ती आता कुठे यायचं तेवढं सांगा." ताई, यादीत चहाची गाळणीसुद्धा होती, पण हे नव्हतं. आम्ही दोघांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळली. एवढ्यात आतल्या खोलीतून आई (जिला ऐकू येत नाही असं आपण दहा वर्षं धरून चाललोय) खणखणीत आवाजात म्हणाली, "तिला म्हणावं, माझ्याकडे ये. मी कुठेही जाणार नाही."

आता आई माझ्याबरोबर येणार हे आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं. तिच्या औषधांचा डबाही मी बांधला होता. मी आत जाऊन तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "घटस्फोट तुमचा होतोय. माझा नाही. सून माझी आहे. तुला नको असेल तर तू जा."

"अगं, मला नको कुठे? तिलाच मी नकोय."

"मग तर प्रश्नच मिटला," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

तुझी भावजय दारात उभी होती. एवढ्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली, आणि ती माझ्यासाठी नव्हे, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी औषधांचा डबा सोडला आणि गोळ्या परत खणात लावल्या. कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची ते सांगितलं नाही. तिला माहीत होतंच.

तर मी इकडे आलो. वाट्याला आलेलं कपाट दोन हमालांनी दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आणलं आणि तिथे ते जे अडकलं! मी वरच्या बाजूला, हमाल खालच्या बाजूला, मधे कपाट. मी वरून सूचना देतोय: डावीकडे, अजून डावीकडे, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे. अर्ध्या तासात कपाटानं भिंतीचा पोपडा काढला आणि जिन्यात सगळी बिऱ्हाडं जमली. शिंपी टेप घेऊन मापं काढू लागला. इतक्यात खालून ओळखीचा आवाज आला. आईनं माझं पांघरूण घेऊन तुझ्या भावजयीला पाठवलं होतं. ती मला दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. "अरे, तू जरा गप्प बस," ती म्हणाली. मग हमालांना म्हणाली, "दारं काढा याची." दारं काढली, कपाट हलकं झालं, उभं केलं आणि सरळ वर गेलं. मी मात्र कपाट विसरून तिथेच जिन्यात बसलो होतो. सव्वीस वर्षं ही बाई मला 'अहो' म्हणत होती. कागदावर सह्या होऊन चौथा दिवस, आणि 'अरे'! ताई, खरं सांगतो, असं वाटलं की कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी बोललं. ती वर आली, पांघरूण ठेवलं, खोली बघितली, "उजेड छान आहे" म्हणाली आणि गेली. कपाटाची दारं अजून लावलेली नाहीत. राहू देत.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. ही तिला माहीत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला गाडी शिकवायला घेतली होती. अकरा मिनिटांत मी माझा ब्रेक एकोणीस वेळा दाबला. ती मधेच उतरून चालत घरी गेली, ती पुन्हा कधी त्या सीटवर बसली नाही. तर मंगळवारी मी एका निवृत्त मुख्याध्यापिकेला शिकवत होतो (बाई गिअरलासुद्धा दम देतात). चौकात दिवा हिरवा झाला आणि पुढची गाडी बंद पडली. गाडीवर पाटी दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलची, आणि काचेतून दिसणारा अंबाडा मी कुठेही ओळखला असता. मागून हॉर्नचा कल्लोळ. बाईंचा हात हॉर्नकडे गेला, मी तो धरला. (आम्ही दोघंही दचकलो.) काय चुकलं होतं ते मला बसल्या जागी कळत होतं. क्लच लवकर सुटला होता. जाऊन दोन शब्द सांगावेत म्हणून पाय शिवशिवत होते. उतरलोही. पण पुढे गेलो नाही, मागे गेलो. मागच्या ट्रकसमोर दोन्ही हात पसरून, तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. ट्रकवाल्यानं मला जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एकदा इंजिन कुरकुरलं, बंद पडलं. पुन्हा कुरकुरलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा लागलं आणि आवाज लांब गेला. वळून बघेपर्यंत चौक मोकळा होता.

"ओळखीच्या होत्या का?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे शिकायला होत्या," मी म्हटलं. "अकरा मिनिटं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आता तुम्ही बसताय, की मी एकटी जाऊ?"

असं आहे सगळं. माझी काळजी करू नकोस. सगळ्यांना यथायोग्य, आणि तुझ्या मांजरीला जरा जास्तच.

तुझा धाकटा,
(आता कुणालाही काहीही न सांगणारा)

ता. क. : भावजींना औषधाबरोबर कोमट पाणी घ्यायला सांग. आणि चमचा मोठा नको.

ता. क. दुसरा : हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. परवा रविवारी आईला भेटायला गेलो होतो, तेव्हा तुझा फोन आला. तू आईशी बोललीस आणि ठेवलास. तोवर तुझी भावजय हात पुसून, पदर सारखा करून फोनजवळ येऊन उभी राहिली होती. पूर्वी तू आईशी दहा मिनिटं आणि तिच्याशी तासभर बोलायचीस. आई म्हणाली, तीन महिने असंच चाललंय आणि ती दर रविवारी अशीच येऊन उभी राहते. मला कळतं, तू माझी बाजू घेतलीस. लहानपणापासून घेत आलीस. पण ताई, यात बाजू नाहीत गं. तिनं नवरा सोडला, नणंद सोडलेली नाही. येत्या रविवारी फोन कर. उचलल्यावर ती पहिल्यांदा म्हणेल, "थांबा हं, आईंना देते." तेव्हा म्हण, "आईला नको देऊस. तूच बोल."