टाळ्या न पडलेली प्रार्थना

ताई,
तुला आणि आईला वाकून नमस्कार.

काल चर्चमध्ये आम्हा चौघांचं प्रार्थनासंगीत झालं. शेवटी माझी डावी करंगळी पुन्हा आखडली आणि व्हायोलिनचे चार सूर गेलेच. वाजवून संपलं, तर भरल्या चर्चमध्ये एक टाळी नाही! वाटलं, माझी चूक सगळ्यांना कळली. मग पाद्री म्हणाले, "इथे टाळ्या वाजवत नाहीत, बाई." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पण माझे ते चार सूर चेलोवाल्या काकांनी आपल्या वाद्यावर वाजवून सावरले होते. एरवी उठता-बसता चुका काढणारा माणूस, नंतर चकार शब्द बोलला नाही. त्याचीच धास्ती वाटते.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अक्षरही लांबूनच दाखव, अगदी सरळ आलंय; हात बरा झाला म्हणावं. लिहिते मी उजव्या हाताने, हे तिच्या लक्षात येणार नाही.

तुझीच,
धाकटी